गुरुवारचं मटण

३ फेब्रुवारी, मंगळवार
आयडिया पक्की. चाकणच्या आमच्या कंपनीत निम्मी माणसं गुरुवार पाळतात. पण जीभ कुठे वार पाळते? म्हणून, गुरुवारचं मटण! सगळं शाकाहारी. गव्हाचं ग्लुटेन मळलं की मटणासारख्या रेषा येतात, मटार प्रोटीनने तुकडा भरीव होतो, इसबगोलच्या पावडरीतला फायबर पाणी धरून ठेवतो. तीन व्हिडिओ पाहिले. सोपं आहे.
कॅन्टीनचे कॉन्ट्रॅक्टर अर्जुनराव १२ तारखेला ट्रायल घेतो म्हणाले. ऑर्डर मिळणारच, म्हणून आजच राजीनामा दिला. बायकोला सांगितलं. साधनाने घरखर्चाची वही काढून हिशोब मांडला. तिच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

४ फेब्रुवारी
पहिला घाणा झकास! आई म्हणाली, बरं हाय की. आईकडून 'बरं' म्हणजे डिस्टिंक्शन.
नेमका जेवायच्या वेळी शेजारचा रोहिदास टपकला. माझ्याच डिपार्टमेंटला आहे. विचारतो, काय काय घालता भाऊ यात? का विचारलं? त्याचा मेव्हणा तळेगावला ढाबा चालवतो. कुठेतरी पाणी मुरतंय.
तिन्ही डब्यांची लेबलं काढून टाकली. तिन्ही पावडरी पांढऱ्या. आता चोर म्हणावं फॉर्म्युला! मला सगळं पाठ आहे.

६ फेब्रुवारी
तुकडा झालाच नाही. नुसता भुगा. रेषा गायब.
रोहिदास परवा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेला होता. एवढा वेळ लागतो पाणी प्यायला?
खबरदारी म्हणून डब्यांच्या जागाही बदलल्या.

८ फेब्रुवारी, रविवार
आज सगळं बुळबुळीत. पळी उचलली तर अख्खं पातेलंच उचललं जायला लागलं. आई म्हणाली, अरं, ह्यो डिंक हाय का काय? तरी वाया नको म्हणून सगळ्यांना खायला लावलं.
साधना म्हणाली, डब्यांना नावं लावा. म्हणजे हीसुद्धा सामील? नावं कुणाला लागतात? ज्याला चोरायचंय त्याला.

९ फेब्रुवारी
सकाळपासून घरात संडासापुढे लाइन. घातपात! रोहिदासने डब्यात काहीतरी टाकलंय. कपाटाला कुलूप घातलं.

११ फेब्रुवारी
उद्याचा माल तयार. मापं अंदाजाने घेतली. अंदाज म्हणजे शेवटी अनुभवच. तासभर मळलं, हात भरून आले. रस्सा तेवढा साधनाला करू दिला. साइड आयटम आहे, तिलाही बरं वाटेल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
ट्रायल. अर्जुनरावांनी तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागले. मध्येच फोन आला, त्यावर हं हं केलं, फोन ठेवला, तरी चावतच होते. आमचा सुपरवायझर सिद्धेश, त्याने तुकडा दोन्ही हातांनी ओढला. लांब झाला, सोडल्यावर परत होता तसा. आमच्याकडे गाड्यांचे रबरी बुश बनतात. सिद्धेश म्हणाला, हा चुकून लाइनवर गेला तर कस्टमर मुकाट घेईल. सगळे हसले. रोहिदास सगळ्यात जास्त हसला. डबा बदलला गेलाय, शंभर टक्के.
रस्सा मात्र वाटीला तोंड लावून प्यायले सगळे.

१४ फेब्रुवारी, शनिवार
अर्जुनरावांचा फोन. मनात म्हटलं, आली ऑर्डर! ते म्हणाले, जरा वहिनींना द्या. दर गुरुवारी दोनशे माणसांचा रस्सा पाहिजे, वहिनींच्याच हातचा. तुकडे नकोत, बटाटा चालेल.
राजीनामा मागे घ्यायला धावत गेलो. माझ्या जागेवर रोहिदासला घेतलंय. बघा, आधीपासून ठरलेलं होतं सगळं!
संध्याकाळी साधना म्हणाली, डबे पोचवायला माणूस लागणार. मी म्हणालो, मी आहे ना. तिने मला खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, महिनाभर कामावर येऊन बघा, मग पगाराचं ठरवू.
आत्ता ती मसाला भाजतेय. मी नुसतं विचारलं, काय काय घालतेस गं यात? तर दार आतून लावून घेतलं.
घरच्या माणसावर संशय! काय काळ आलाय.