कानामागचं यंत्र

अलिबाग,
शुक्रवार सकाळ

प्रिय तायडे,

त्या रविवारी बंदरावर चिराग इतका ओरडत होता, तेव्हा आपण सगळी मोठी माणसं नेमकं काय ऐकत होतो? बारा दिवस झाले, हाच प्रश्न मी स्वतःला विचारते आहे. फोनवर हे बोलायचं मी रोज ठरवते. मग जेवलीस का, बोटी कधी आल्या, एवढं बोलून आपण फोन ठेवतो. म्हणून लिहिते आहे. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, पण माझ्या बाजूने ते कसं घडलं ते तू ऐकलेलं नाहीस, आणि मधल्या काही गोष्टी मी तुझ्यापासून लपवल्या आहेत. वाचताना राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाच.

गेल्या वर्षी तू आणि परेश भावोजी चिरागला मुंबईला घेऊन गेलात. तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, हाक मारली तर वळत नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी दोन दिवस त्याला खेळवलं, तपासलं आणि कागदावर लिहिलं, स्वमग्नता. ऑटिझम. आठवड्यातून तीनदा उपचार, तेही लवकर सुरू करा, जितकं लहान वय तितका उपयोग, असं तुला नीट समजावून सांगितलं. भावोजी नगरपंचायतीच्या पाण्याच्या पंपावर नोकरीला. दर महिन्याला पगारातून आरोग्य योजनेचे पैसे कापले जातात, म्हणून त्यांनी विश्वासाने कागद पाठवले. ते मी जिथे काम करते त्या योजनेच्या कार्यालयातच आले आणि आठवड्यात परत गेले. ‘सदर आजार योजनेच्या यादीत समाविष्ट नाही.’ ताई, ते वाक्य माझ्या शेजारच्या टेबलावर टाइप झालं होतं, पण तेच वाक्य मी स्वतः कितीतरी वेळा टाइप केलेलं आहे. तोवर ते मला एक वाक्य वाटायचं. त्यावर चिरागचं नाव बघितलं आणि मी यादी काढून पहिल्यापासून वाचली. हृदय आहे, मूत्रपिंड आहे, मोतीबिंदू आहे, कुत्रा चावलेला आहे, साप चावलेला आहे. एखादं पान गळलं असेल म्हणून मी दुसरी प्रत मागवली. तिच्यातही तेवढीच पानं होती.

आणि मग मला वाट सापडली. त्या संध्याकाळी मी तुला किती आनंदाने फोन केला होता, आठवतं? यादीत ‘श्रवणदोष’ होता. तपासणी, कानाचं यंत्र आणि पुढचे वाचाउपचार, सगळं त्यात बसत होतं. वाचाउपचार तर चिरागला हवेच होते. माणगावच्या ज्या बाई बोलायला शिकवतात त्या बहिऱ्या मुलांनाही शिकवतात आणि इतरांनाही. मग कागदावर कान लिहिला तर कुणाचं काय बिघडतं, असं मी तुला म्हटलं.  तू म्हणालीस, अगं पण बिस्किटाचा पुडा फोडला की मागल्या परसातून धावत येतो तो, बहिरा कसला, चोर हाय. आपण दोघी हसलो. त्या हसण्यावर तो विषय संपला. मला आज त्या हसण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

योजनेच्या तपासणी शिबिरातल्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे टाळ्या वाजवल्या, खुळखुळा वाजवला. चिराग वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिला. डॉक्टरांनी श्रवणदोषाचा संशय लिहिला, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं की ऐकण्याची मशीनवरची मोठी चाचणी करून मगच नक्की करावं. ही पहिली लपवलेली गोष्ट. तू मला तो कागद मोबाईलवर पाठवलास आणि विचारलंस, खाली काय लिहिलंय? मी सांगितलं, काही विशेष नाही. ती चाचणी झाली असती तर त्याला ऐकू येतं हे लगेच कळलं असतं. फाइल मी माझ्या हाताने हलवली नाही, नात्यातली म्हणून दुसऱ्या टेबलावर दिली, आणि त्या प्रामाणिकपणाचं मला कौतुकही वाटलं. पण कोणती ओळ कुणाच्या नजरेत येत नाही हे मला माहीत होतं. मुंबईचा कागद ट्रंकेत ठेव, कुणाला दाखवू नको, हेही मीच सांगितलं. तुझ्या सासूबाईंना तर बरंच वाटलं. पोर येडसर हाय असं वाडीत कुणी म्हणण्यापेक्षा कानाने कमी हाय म्हटलेलं त्यांना सोसणार होतं. भावोजींनाही. मला वाटलं, बघा, एका शब्दाने किती जणांचं भलं झालं.

तू सातवीतून शाळा सोडलीस आणि कोळंबी सोलायला जायला लागलीस, तेव्हा मी दुसरीत होते. तुझ्या बोटांना बर्फाने चिरा पडायच्या आणि त्याच बोटांनी तू माझ्या वह्यांना कव्हरं घालायचीस. मी पदवी घेतली, परीक्षा देऊन ही नोकरी मिळवली, तेव्हापासून आपल्या घरात कुठलाही कागद आला की तो न वाचताच माझ्याकडे येतो. बाबा बोटीचा परवाना मला पाठवतात. आई रेशनचा फॉर्म मला वाचायला लावते. हेमा म्हणाली ना, मग झालं. या भरवशाचा मला अभिमान होता, ताई. तो भरवसा कुठवर जाईल याचा विचार मी कधी केला नाही.

योजनेची अट अशी की यंत्र दिवसभर वापरल्याची नोंद असेल तरच वाचाउपचारांचे पैसे मिळतात. तो फॉर्म मी तुला पाठवला आणि खाली लिहिलं की रोज वेळ भरत जा. मला वाटलं होतं तू यंत्र डब्यात ठेवशील आणि फॉर्म भरशील. हे तुला स्पष्ट सांगायला हवं होतं, पण खोटं लिही असं मोठ्या बहिणीला सांगायची मला हिंमत झाली नाही. आणि तू खोटं लिहिणाऱ्यांतली नाहीस. तू सकाळी सातला त्याच्या दोन्ही कानांत यंत्रं बसवलीस आणि रात्री निजताना काढलीस. आठ महिने.

मी आले त्या रविवारी आईही माझ्यासोबत होती. तुम्ही बोटीवरचा माल उतरवायला बंदरावर होता. चिराग माशांच्या टबांपाशी चवड्यांवर उभा राहून बोटं हलवत होता. मी हाक मारली. तो वळला नाही. पुन्हा मारली. आणि आता ते लिहिते जे तुला माहीत नाही. मी त्याच्यापाशी गेले, कानामागच्या यंत्राचं बटण चाचपलं आणि आवाज वाढवला. दोन्ही बाजूंचा. पूर्ण. ताई, ऐकू येणाऱ्या पोराच्या कानात मी आवाज वाढवला. वर्षभर मी इतक्या कागदांवर ‘श्रवणदोष’ वाचला, फोनवर बोलले, तारखा विचारल्या, की मी बनवलेली गोष्ट मलाच खरी वाटायला लागली होती. मी तुमच्याकडे वळले आणि पाठीमागे बर्फ फोडायचं मशीन सुरू झालं.

तो ओरडला तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्याने डोकं टबावर आपटलं, मनगट चावलं. शेजारची बाई म्हणाली, मशीनला घाबरलं पोर. कुणी म्हणालं, लाडावलंय. आईने नजर काढायला मीठ-मोहऱ्या मागितल्या. भावोजींनी त्याला उचललं तर तो त्यांच्या हातांतून माशासारखा सुटत होता. मला तेव्हा कळलं. मी धावत जाऊन त्याच्या कानातलं ओढायला लागले आणि तू माझा हात धरलास. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज अगदी शांत होता.

“काढू नको गं हेमा. तुझ्याच कागदात लिवलंय ना, दिवसभर घालायचं. काढलं तर बंद करतील.”

मी तरीही काढलं. तो लगेच गप्प झाला नाही, बराच वेळ कण्हत राहिला, पण ओरडणं थांबलं. तू माझ्याकडे बघितलंस. मग तू त्याच्या कानाच्या पाळीमागे बोट फिरवलंस, तिथे कातडी सोलून लाल झाली होती, आणि मला म्हणालीस की रोजच रडतो, तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं, तू एवढी धावपळ केलीस.  परतीच्या गाडीत आई विचारत होती, काय झालं गं, आणि मी खिडकीबाहेर बघत होते. यंत्रं माझ्या पर्समध्येच राहिली. तू ती मागायला दुसऱ्या दिवशी फोन केलास आणि मी सांगितलं की दुरुस्तीला दिली आहेत. तेही खोटं होतं.

पण मला याहून मोठा धक्का नंतर बसला. तू एकटी नव्हतीस. आमच्या खिडकीशी येणाऱ्या आणखी तीन आयांना मी हीच वाट दाखवली होती. स्वमग्नतेचा कागद घेऊन त्या रडवेल्या उभ्या असायच्या आणि मी हळू आवाजात सांगायचे, कानाचं लिहून आणा. किती धन्यवाद दिले त्यांनी मला. सोमवारी मी त्यांना एकेक करून फोन केला. एकीने बदली झाल्यावर सगळंच सोडून दिलं होतं. दुसरी म्हणाली, रडतो, पण सवय होईल असं वाटतं. तिसरी केसर नावाची, एका शाळेत शिपाई आहे. तिने माझं नाव ऐकताच माफी मागायला सुरुवात केली. तिच्या मुलाने यंत्र कानातून उपटून खाडीत फेकलं होतं, आणि आता आम्ही तिच्यावर कारवाई करू या भीतीने ती दोन महिने उपचारांना गेलीच नव्हती. ती माझी माफी मागत होती, ताई. मॅडम, पुन्हा असं होणार न्हाय, असं चार वेळा म्हणाली. मी जिन्यात बसून ते ऐकलं.

माणगावच्या बाईंनाही मी फोन केला. त्या चांगल्या आहेत. फाइलवर बहिरेपणा लिहिलाय म्हणून त्या आठ महिने चिरागच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने स्वर म्हणत होत्या. त्यांनी विचारलं, आधी का सांगितलं नाहीत, मी वेगळ्या पद्धतीने शिकवलं असतं. जितकं लहान वय तितका उपयोग, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले होते. त्यातले आठ महिने मी घालवले.

मी क्रांती मॅडमना, म्हणजे आमच्या अधीक्षकांना, सगळं सांगितलं. त्या भल्या बाई आहेत. त्यांनी दार लावलं, मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, यादी आपण करत नाही, आपण फक्त लावतो. यादीत स्वमग्नता घाला असा अर्ज हवा तर दे, मी वर पाठवते, पण स्वतःचं नाव कुठे घालू नकोस, नोकरी कच्ची आहे तुझी. मी दोन दिवस तसाच अर्ज लिहून बघितला. छान झाला होता. मुलांचा हक्क, कर्मचाऱ्यांचा हक्क, सगळं होतं त्यात. फक्त चिराग नव्हता, केसरचा मुलगा नव्हता. यादीत नसलेला आजार असलेली मुलं कुठे जातात, हे त्यात नव्हतं. ती बहिऱ्यांच्या कप्प्यात जातात आणि वरच्या साहेबांना वाटतं की या जिल्ह्यात असा आजारच नाही. असा अर्ज वाचून कुणी का हलावं?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. काल मी दुसरा कागद दिला. चारही प्रकरणांत श्रवणदोष लिहून आणायला मी सांगितलं, पालकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यांचा दोष नाही, चौकशी माझी करावी, असं त्यात लिहिलं आहे. शेवटी मागणी आहे की स्वमग्नतेचं निदान आणि उपचार योजनेच्या यादीत घ्यावेत. बाकीच्या तिघींना मी आधी विचारलं. केसरने स्वतःहून तिच्या मुलाचे कागद दिले. तुला मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर तू माझी नोकरी वाचवायला नाही म्हणाली असतीस, आणि मी तुझं ऐकलं असतं. मुंबईच्या कागदाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, तो मी जोडला. म्हणजे आता भावोजींच्या कार्यालयात कळेल, आणि मग वाडीतही कळेल. माणगावचे उपचार या महिन्यापासून योजनेतून होणार नाहीत. बाईंनी त्याला आता त्याच्या पद्धतीने शिकवायचं कबूल केलं आहे, आणि माझी नोकरी आहे तोवर त्यांच्या पैशांचं मी बघेन, नसेल तेव्हा दुसरं काही बघेन. कार्यालयाची नोटीस भावोजींच्या हाती पडण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं म्हणून घाई केली. यंत्रं मी त्या कागदासोबतच जमा करून टाकली आहेत, ती परत येणार नाहीत. आणि कागद काल साडेअकरा वाजता आवक झाला, शिक्का बसला. आता मलाही तो मागे घेता येणार नाही.

त्या कागदावर एकटीच सही केलेली, तरी तुझीच,
हेमांगी