पाठ केलेलं लग्न

होंडेलबेक,
मंगळवार, ३ ऑक्टोबर

चि. सोलांज हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझा फ्लेमिश पीटर खुशाल असाल, तिकडे समुद्रावर वारा नेहमीसारखाच असेल. इथली खबर गंभीर आहे. शनिवारी भर दुपारी चर्चसमोरची फ्राइजची टपरी बंद होती. पूर्वसूचना नाही, दिलगिरीची पाटी नाही. वीस वर्षांचं इमानदार गिऱ्हाईक मी, आणि मला त्या दिवशी सॅलड खावं लागलं. लोकशाहीत एवढंच बघायचं राहिलं होतं.

टपरी बंद होती, कारण टपरीवाल्याचं लग्न होतं. लोडे क्लासेन्स आठवतो ना? तोच. दर सप्टेंबरला फ्लेमिश झेंडा लावून शेकडो सायकली गावाभोवती फिरवणारा, आणि तुमच्या फाटकापाशी आला की मुद्दाम घंटी वाजवणारा. त्यावर तुझे बाबा फाटकात उभे राहून ठणठणीत फ्रेंचमध्ये त्याचा उद्धार करायचे, आणि मग दोघं बियर प्यायचे. एकमेकांशिवाय दोघांचाही सप्टेंबर सुना गेला असता. तर हा लोडे, पासष्टाव्या वर्षी, पोस्टातल्या हिल्डाशी लग्नाला उभा राहिला.

घोळ असा झाला की फ्लेमिशमध्ये लग्नं लावणारा नगरसभेचा सभासद यंदाच्या फेरीत सायकलवरून पडला आणि त्याने पाय मोडून घेतला. लग्न लावण्याचा अधिकार असलेला गावात एकच माणूस उरला. ऑक्ताव्ह लांबियाँ, तुझे बाबा.

तुला मी त्यांची कारकीर्द काय सांगणार? कायद्याने इथली सभा फ्लेमिशमध्ये चालवावी लागते, आणि हा गृहस्थ प्रत्येक सभेचं पहिलं वाक्य फ्रेंचमध्ये बोलतो. तीनदा नगराध्यक्ष म्हणून निवडून आले, त्या एका वाक्यापायी तीनदा मंत्र्याने नेमणूक नाकारली. नगराध्यक्षाचा तिरंगी पट्टा तुमच्या कपाटात घडी करून पडलाय. पक्षाने ब्रसेल्समध्ये मोठी खुर्ची देऊ केली, ती नाकारली. "इथले निम्मे लोक घरी ज्या भाषेत भांडतात, त्याच भाषेत मी सभेत भांडणार," म्हणाले. मी त्यांच्यावर लेख लिहून पोट भरलं, पण खरं सांगतो, एवढा हट्ट एका मणक्यावर पेलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

लोडे दारात आला तेव्हा मी तिथेच कॉफी पीत होतो.

"लांबियाँ, लग्न लावायचंय. आमच्या भाषेत."

"पुढच्या महिन्यात ये. तुझ्या माणसाचा पाय जुळेल."

"हिल्डाची आई ब्याण्णव वर्षांची आहे. तिचा पुढच्या महिन्यावर भरवसा नाही."

बाबांनी दार लावलं. मग पुन्हा उघडलं. "शनिवारी अकराला. आणि सायकलवरून येऊ नकोस."

अर्धं गाव सभागृहात तमाशा बघायला आलं होतं. मीसुद्धा, वही घेऊन. बाबा उभे राहिले. हातात कागद नाही. आणि बोलायला लागले. फ्लेमिशमध्ये, संथ, एकेक शब्द नीट ठेवत. कायद्याची सगळी कलमं तोंडपाठ. मी वही मिटली. माझ्या शेजारी लोडेची सायकलवाली मंडळी देवळात बसावं तशी बसली होती.

वधूच्या नावाशी आले, आणि त्याच संथ आवाजात म्हणाले, "सोलांज मारी लांबियाँ."

कारकून खोकला.

"ही कोण?" हिल्डाच्या म्हाताऱ्या आईने मोठ्याने विचारलं.

"त्यांची मुलगी, आई," लोडे म्हणाला. "तिचं लग्न त्यांच्या हातून लावायचं राहिलंय. थांबा जरा." आणि तो खाली मान घालून उभा राहिला, दुसऱ्याच्या घरातल्या दुःखात उभं राहावं तसा.

बाबांनी नाव सुधारलं, लग्न लावलं, वधूचा हात फ्रेंचमध्ये चुंबला. लोक टाळ्या वाजवायला विसरले.

परतताना मी विचारलं, "पाठ कधी केलंस?"

"तिच्या लग्नाच्या आधी. गॅरेजमध्ये, मोटारीसमोर उभं राहून."

मग तिच्या लग्नाच्या दिवशी सभागृहात का आला नाहीस, हा पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर होता. मी तो विचारला नाही. तो तुझा आहे.

बाकी सगळं ठीक. थंडी पडू लागली आहे. तुझ्या आईच्या गुलाबांची छाटणी मीच केली, कारण बाबांना जिना चढतानासुद्धा थांबावं लागतं. येत्या सोमवारी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. "तिला कळवू नकोस," म्हणाले. मी "बरं" म्हणालो. माझ्या "बरं"ची किंमत तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही, फार घाबरवलंही नाही.

तुझ्या लग्नाच्या जेवणात, त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तू म्हणाली होतीस, "मामा, बाबा एक दिवस पीटरच्या भाषेत बोलतील." मी हसलो होतो, आणि स्पेक्युलूस बिस्किटांच्या डब्याची पैज लावली होती. डबा सोबत पाठवतोय, आपल्या कोपऱ्यावरच्या बेकरीतला. रविवारपर्यंत फोडू नकोस. इकडे घेऊन ये. गोड बंद केलेला एक माणूस खिडकीत बसून असतो, त्याला एखादं चोरून देता येईल.

पैज हरलेला,
तुझा मामा
तेओफिल