गाडी पूर्वी चांगली होती, असा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
जिल्हा ग्राहक कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडील खोली.

विषय : अर्जदाराची आलिशान मोटार आधी चांगली होती व नंतर बिघडली, एवढ्याच मजकुराचा लेखी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : "सदर तक्रारीत तथ्य आढळून आले नाही" असे कळवणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

१. अर्जदार ट्रकचे वजनकाटे बसवण्याचा व दुरुस्त करण्याचा व्यवसाय करतो. भंगारवाल्यापासून सिमेंटच्या डेपोपर्यंत सगळे त्याने बसवलेल्या काट्यावर डोळे मिटून भरवसा ठेवतात. "तुम्ही काटा लावलाय ना, मग बघायला नको," असे त्याला तोंडावर म्हटले जाते. ही बढाई नसून, अर्जदाराच्या शब्दाला काही वजन होते हे आपल्या ध्यानी यावे म्हणून नमूद केले आहे. बाहेर ते अजूनही आहे. घरात राहिलेले नाही, आणि हा अर्ज त्याबद्दलच आहे.

२. अर्जदाराने आयुष्यात एकच मोठी हौस केली. काळी, उंच, सात जणांची मोटार घेतली, जी हवेच्या उशांवर स्वतःच वर-खाली होते आणि जिच्या सीटा पाठ चेपून देतात. पहिले वर्षभर ती लोण्यासारखी चालली. अर्जदार भेटेल त्याला तिचे गुण सांगत सुटला, हे त्यास मान्य आहे. हौसेने घेतलेल्या वस्तूबद्दल माणूस तोंड शिवून बसत नाही.

३. ते गुण ऐकणाऱ्यांत अर्जदाराचे वडील बंधू होते. घरात त्यांना दादा म्हणतात. ते दंतवैद्य आहेत आणि स्वभाव ताकसुद्धा फुंकून पिण्याचा. दाढ काढायची तरी रुग्णाला आधी घरी जाऊन विचार करून यायला सांगतात. वडील गेल्यावर अर्जदारास त्यांनीच वाढवले. अर्जदाराने कॉलेज सोडून वजनकाट्याच्या धंद्यात उडी घेतली तेव्हा सगळे नातेवाईक "पोरगं वाया गेलं" म्हणत असताना, "त्याला कळतं तो काय करतोय ते," असे भर बैठकीत म्हणणारे तेवढे एकटे दादा होते. अशा माणसाने आपली जुनी छोटी गाडी विकण्यापूर्वी अर्जदारास एकच विचारले : "तू सांगतोस ना? मग घेतो." आणि हुबेहूब तीच गाडी घेतली. रंगसुद्धा तोच.

४. त्यानंतर, हा शब्द कृपया अधोरेखित समजावा, त्यानंतर अर्जदाराच्या गाडीचे दिवस फिरले. रात्री ताठ उभी केलेली गाडी सकाळी पुढचे गुडघे टेकून बसलेली आढळू लागली. गाडी चालू असताना समोरचा संगणकाचा पडदा काळा पडे आणि इंजिन मान टाकी. एकदा चालकाची सीट आपल्या मनाने पुढे सरकू लागली, आणि अर्जदाराची पत्नी स्टीअरिंगला चिकटून "अहो, ही मला गिळतेय!" असे ओरडू लागली. चढावर मागचे दार आपोआप उघडून काटे तपासण्याची लोखंडी वजने रस्त्यावर घरंगळत गेली आणि मागचा रिक्षावाला ती चुकवताना अर्जदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. त्याचे काहीही चुकले नाही.

५. अर्जदार दर वेळी गाडी अधिकृत सेवाकेंद्रात नेई. तेथील सेवा सल्लागार, वय तिशीच्या आतले, अत्यंत गोड बोलणारे गृहस्थ. अर्जदारास ते काका म्हणत. "काका, मी आहे ना!" हे त्यांचे पालुपद. अर्जदाराची पत्नी त्यांच्या लग्नात मुलीच्या बाजूची असल्यासारखी राबली आहे. काचेच्या केबिनचे दार लावून हे गृहस्थ अर्जदारास सांगत, "काका, तुमच्या-माझ्यात म्हणून सांगतो, या गाड्यांच्या वायरिंगमध्येच गोची आहे. वरून आदेश आहे, कागदावर आणायचं नाही." आणि कागदावर लिहून देत : "गाडी धुऊन दिली. दोष आढळला नाही." हवेची उशी बदलली तरी गाडी धुतली, संगणक बदलला तरी गाडी धुतली. महोदय, त्यांच्या कागदांप्रमाणे अर्जदाराच्या गाडीला आजवर आंघोळीखेरीज कशाचीही गरज पडलेली नाही. त्या वेळी अर्जदारास यात वावगे वाटले नाही, कारण दुरुस्ती फुकट होत होती आणि पोरगा घरचा वाटत होता.

६. मग दादांची गाडी. त्यांची मुलगी, म्हणजे अर्जदाराची पुतणी, एका मोठ्या रुग्णालयातील जागेसाठी शेवटच्या मुलाखतीस निघाली असता गाडी भर चौकात खाली बसली व चारही दारे आतून बंद झाली. पडद्यावर "आपले स्वागत आहे" एवढे एकच वाक्य उमटत राहिले. दारे उघडून ती धावत पोचली तोवर मुलाखती संपल्या होत्या. घरी येऊन पोर उशीत तोंड खुपसून रडली. अर्जदार मान खाली घालून गेला तेव्हा दादा एवढेच म्हणाले, "अरे, यंत्र आहे. बिघडायचंच. तू काय मुद्दाम केलंस?" महोदय, असा भाऊ शोधून सापडायचा नाही.

७. तिथेच हे संपले असते. परंतु सेवाकेंद्राने अर्जदारास न विचारता, न सांगता, त्याच्या नावे एक भेट धाडली : एक भली मोठी छत्री व सोबत छापील कार्ड, "आपल्या बंधूंना आमच्या परिवारात आणल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपले बक्षीस आपल्याला लवकरच मिळेल." आडनाव एकच असल्याने ती गेली थेट दादांच्या दवाखान्यात. दादांनी ती रुग्णांसमोर उघडली. संध्याकाळी ते अर्जदाराच्या दारात आले, छत्री उंबऱ्याला टेकवली आणि म्हणाले, "भावाला विकलंस होय रे?" आणि पाठ फिरवून गेले. अर्जदारास कसल्या बक्षिसाचा पत्ता नव्हता, मिळालेही नाही आणि मिळाले तर तो ते नाल्यात फेकेल. पण हे ऐकायला समोर कोणी थांबलेच नाही.

८. अर्जदाराने वहिनींमार्फत निरोप धाडला, की माझीही गाडी तशीच बिघडते आहे, मीही तितकाच पोळलो आहे. त्यावर दादांनी सेवाकेंद्रात स्वतः चौकशी केली आणि त्यांना ते कागद दाखवण्यात आले. गाडी धुऊन दिली. दोष आढळला नाही. दादांचे म्हणणे वहिनींनी जसेच्या तसे कळवले : "गाडी चांगली आहे तर हा आता रडतो कशाला? आणि वाईट होती तर मला घ्यायला का लावली?" महोदय, अर्जदाराने यावर पुष्कळ डोके चालवले. इकडे आड तिकडे विहीर. दोन्हीकडून तोच खोटा ठरतो.

९. म्हणून अर्जदाराने त्या सल्लागार गृहस्थांना गळ घातली, की बाबा रे, केबिनचे दार लावून मला जे सांगतोस ते एकदा माझ्या भावासमोर सांग, लिहून नको देऊस. ते म्हणाले, "काका, मी आहे ना!" ठरल्याप्रमाणे दादांच्या घरी आले. वहिनींनी चहा दिला, तो प्याले. बशीतली बिस्किटे संपवली. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाले, "गाडीत काहीच नाही हो. काकांचा हात जड आहे, त्यांना एवढी मोठी गाडी झेपत नाही. पण काका मनाने फार चांगले! स्वतः म्हणायचे, थांब, दादांनाही घ्यायला लावतो." इतके दिवस ज्याला तो आपला म्हणत होता त्या माणसाने त्याच्याच भावाच्या सोफ्यावर बसून, त्याच्याच वहिनीचा चहा पिऊन, त्याचा केसाने गळा कापला. दुसरा सभ्य शब्द सुचत नाही, क्षमस्व. दादा उठले आणि आतल्या खोलीत गेले.

१०. यानंतर अर्जदाराने आपल्या कार्यालयाकडे पहिली तक्रार केली व आपण कृपावंत होऊन प्रत्यक्ष तपासणीस आलात. त्या दिवशी गाडी सासू आलेली पाहून डोक्यावर पदर घेणाऱ्या सुनेसारखी वागली. आपण तिच्यातून गावाबाहेरच्या पुलापर्यंत जाऊन आलात. पाठ चेपून घेतलीत. उतरताना "गाडी झकास आहे हो!" असे उद्गार काढलेत आणि आपल्या मेव्हण्यांनाही अशीच घ्यायची आहे, असे बोललात. अर्जदाराने त्या वेळी आपल्याला काही सांगितले नाही, कारण या गाडीविषयी कोणास काहीही सांगायचे नाही अशी त्याने शपथ घेतली आहे. आता लेखी सांगतो : मेव्हण्यांशी बोलणे टिकवायचे असेल तर त्यांना रोखावे. आपले संदर्भातील पत्र त्यानंतर आले व सेवाकेंद्राकडून दादांपर्यंत पोचून अर्जदाराविरुद्धचा आणखी एक पुरावा झाले.

११. सदर पत्र मिळाल्यानंतरचा प्रसंग नमूद करणे आवश्यक आहे. अर्जदार सिमेंटच्या डेपोकडे जात असता रस्त्याच्या कडेला दादांची गाडी खाली बसलेली दिसली. दादा उन्हात डोक्यावर वर्तमानपत्र धरून उभे होते. अर्जदार थांबला. तो स्वतःच्या इच्छेने थांबला, त्याची गाडी मात्र पाठोपाठ आपल्या मर्जीने बंद पडली. तेथे दोन भाऊ दोन सारख्या काळ्या गाड्यांजवळ उभे होते, आणि येणारेजाणारे हसत होते. दादांनी अर्जदाराच्या गाडीकडे एकदा पाहिले. अर्जदाराला वाटले, आता तरी पटेल. पण ज्याचा एकदा विश्वास उडाला त्याला डोळ्यांसमोरचेही नाटक वाटते, असे दिसते. दोन्ही गाड्या ओढून नेणारा ट्रक आला, त्याच्या केबिनमध्ये दोघे खांद्याला खांदा लावून बसले. गाव आल्यावर दादा चालकाला म्हणाले, "आधी ह्यांना सोडा. ह्यांना कामं असतील." अर्जदारास दादांनी जन्मात कधी अहोजाहो केलेले नाही. मारले आहे, कान पिळले आहेत, पण परक्यासारखे बोलले नव्हते. अर्जदार उतरला आणि घर मागे टाकून बराच पुढे चालत गेला, कारण रडवेल्या तोंडाने घरात शिरणे त्याला जमेना.

१२. आता सेवाकेंद्राने वकिलामार्फत कळवले आहे, की अर्जदाराने "मला या गाडीबाबत कधीही कसलीही तक्रार नव्हती" अशा मजकुरावर सही केल्यास जुनी गाडी परत घेऊन नवी कोरी गाडी देण्यात येईल. अर्जदाराची पत्नी म्हणाली, "करा की सही. मोठे भाऊजी काय कागद वाचायला येणारेत?" अर्जदाराने सही केलेली नाही. ते वाक्य सहीनिशी खरे ठरले तर दादांचे सगळे म्हणणे खरे ठरते. मग ती नवी गाडी घेऊन अर्जदाराने जायचे कुठे? त्याला जायचे आहे ते घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

१३. सबब विनंती, की अर्जदारास गाडी दुरुस्त करून नको. नवी नको, पैसे नकोत, नुकसानभरपाई नको. त्या सल्लागार गृहस्थांवरही कारवाई नको, त्यांचे त्यांना लखलाभ. आपण पुन्हा एकदा यावे, या वेळी आगाऊ न कळवता यावे, म्हणजे गाडीला कळणार नाही. आणि मग आपल्या सहीने एवढेच लिहून द्यावे : "ही गाडी आधी चांगली होती. नंतर बिघडली. तिची तारीफ करणारा खोटे बोलत नव्हता."

असा दाखला देण्याची नियमात तरतूद नसल्यास साध्या कागदावर द्यावे. तेही शक्य नसल्यास दादांना एकदा फोन करावा. दुपारच्या जेवणानंतर ते मोकळे असतात, पण नाव सांगितल्यावर ठेवून देतील, तेव्हा दाढ दुखते म्हणून सुरुवात करावी. आणि यांतले काहीच होण्यासारखे नसेल तर निदान या अर्जाची पोच तरी द्यावी. दादा सही-शिक्का मानणारे आहेत. त्या शिक्क्याखाली एवढे सगळे लिहिलेले त्यांनी एकदा वाचावे, इतकेच अर्जदाराचे मागणे आहे.

कळावे, आणि शक्य तितक्या लवकर कळावे.

आपला, एवढे होऊनही नम्र,
(सही)
अर्जदार

दिनांक : शिक्क्यावर पडेल तो.

सोबत :
१. सेवाकेंद्राचे कागद, सर्व एकाच मजकुराचे.
२. वकिलांचे पत्र, सहीची जागा कोरी.
३. आपले संदर्भातील पत्र, साभार परत.

प्रत माहितीसाठी :
अर्जदाराचे वडील बंधू, यांना हातोहात. बेल वाजवली जाईल. दार न उघडल्यास कागद खालच्या फटीतून आत सरकवण्यात येईल, आणि ते वाचून होईपर्यंत अर्जदार बाहेर पायरीवर बसून राहील.