उजवीकडचं वळण

प्रिय धाकटे,

आई दुपारची झोपते ना अजून? आधी हेच विचारते, कारण परवा फोन केला तेव्हा तिनेच उचलला. जेवल्यावर ती कशी आडवी होते, जाग येते तेव्हा ऊन भिंतीवर कुठपर्यंत सरकलेलं असतं, हे सगळं तिने इतकं रंगवून सांगितलं की मला जे बोलायचं होतं ते तोंडातच राहिलं. फोन ठेवला आणि ठरवलं, तुला लिहायचं. तेव्हापासून किती वेळा बसले आणि उठले. आता दुकानात शिलाई मशीनवरच कागद ठेवून लिहितेय. मध्येच गिऱ्हाईक येतं, त्यामुळे अक्षर गडबडलं तर चालवून घे. तसाही आज माझा हात ठिकाणावर नाही. बँकेतल्या बाईंच्या कोटाला डावी बाही उजवीकडे लावली आणि वर मोठ्या ऐटीत इस्त्रीही केली. आता उसवायचं काम आहेच.

आमच्या वस्ती समितीचं तुला थोडंफार ठाऊक आहे. तू इथे होतीस तेव्हा ती म्हणजे गच्चीवर चहा पिऊन विमानांना शिव्या घालणं, एवढंच होतं. आता धावपट्टीच्या भोवतालच्या सात वस्त्यांच्या सात समित्या झाल्यात. विमानतळ वाढतोय, संध्याकाळची उड्डाणं जवळजवळ दुप्पट होणार आहेत, आणि ती कोणाच्या डोक्यावरून न्यायची ते नियोजन मंडळ ठरवणार आहे. आमचं म्हणणं साधं होतं: ठरवण्याआधी आम्हाला विचारा. पण त्यासाठी चपला झिजवता झिजवता नाकी नऊ आले. मंडळाचं ठरलेलं उत्तर असायचं की विचारायचं कोणाला, तिथून तर कोणी येत नाही.

आणि गेलो तेव्हा काय झालं माहीत आहे? आपल्याकडची सवय तू विसरली नसशील. विमान आलं की बोट वर करायचं, वाक्य तिथेच थांबवायचं, ते गेलं की पुढच्या शब्दापासून सुरू. पहिल्या सुनावणीला आपल्या वस्तीतले मास्तर बोलायला उभे राहिले. अगदी रंगात आले होते. त्या खोलीला दुहेरी काचा, आवाजाचं नाव नाही. पण समोरच्या खिडकीतून विमान वर चढताना दिसलं आणि मास्तरांचं बोट वर गेलं. ते थांबले. मागे बसलेले आम्ही सगळेही श्वास रोखून गप्प! मंडळाच्या साहेबांना वाटलं, संपलं यांचं. ते आभार मानून पुढच्या विषयाकडे वळले. मास्तर बोट वर धरून तसेच उभे. तेव्हा हसू आलं नाही, रडूच आलं. बाहेर आल्यावर मात्र पलीकडच्या वस्तीतल्या फार्मसीवाल्याने मास्तरांची अशी नक्कल केली की जिन्यात बसून हसलो.

पुढे महिनोन्महिने मागे लागल्यावर मंडळाने एक खुर्ची दिली. सात वस्त्यांना मिळून एक. तीही अशा अटीवर, की मागणी एकच आणायची आणि ती सगळ्यांची असायची. एका समितीने जरी अंग काढून घेतलं तरी खुर्ची गेली. त्या खुर्चीवर बसायला मला निवडलंय. का, तर मशीनच्या खडखडाटात बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की मी विमान आलं तरी थांबत नाही. तू हसशील. आई तर म्हणेल, ही जन्मतःच भोंगा आहे.

खुर्ची मिळाली आणि खरी भांडणं सुरू झाली. प्रत्येकाला विमान दुसऱ्याच्या छपरावरून हवं. फार्मसीवाला आणि मास्तर एकमेकांशी बोलेनासे झाले, एकीने तर चहाचा कप आपटून फोडला. मग गेल्या बैठकीत समितीतल्या एका बसच्या ड्रायव्हरने मोठा नकाशा पसरला आणि धावपट्टीच्या टोकापासून बोट उजवीकडे वळवत नदीपलीकडे नेलं. उडाल्या उडाल्या विमानं उजवीकडे वळली, तर सातांपैकी एकाही वस्तीवरून जात नाहीत. कोणीतरी विचारलं, तिथे कोण आहे? तो म्हणाला, कोणी नाही. म्हणजे त्या बाजूला समिती नाही, असं त्याला म्हणायचं होतं. पण त्या क्षणी कोणी खोलात शिरलं नाही. इतक्या महिन्यांनी सगळ्यांचं एकमत झालं होतं. टाळ्या वाजल्या. मास्तरांनी फार्मसीवाल्याला मिठी मारली. मीही हात वर केला, आणि टाळ्याही सगळ्यांत जोरात माझ्याच.

मला ते हवंय गं. खोटं कशाला बोलू? तुझे भाऊजी रात्रपाळीला बेकरीत जातात, त्याआधी संध्याकाळी त्यांना चार घटका डोळा लागायला हवा. कानात कापूस कोंबून, उशी डोक्यावर घेऊन पडतात आणि छताकडे बघत राहतात. मागच्या महिन्यात पेंगत पेंगत भट्टीतला ट्रे बाहेर काढला आणि हात कोपरापर्यंत भाजून घेतला. तुला कळवलं नव्हतं. पट्टी बदलताना मी त्यांना म्हटलं, जरा थांबा, आता आपलं ऐकणारे आहेत. तेव्हा ते हसले, आणि ते हसणं मला सहन झालं नाही.

त्या बैठकीहून नाचतच घरी आले. नकाशाची प्रत आणली होती, ती यांना दाखवायला टेबलावर पसरली. ड्रायव्हरचं बोट जिथून गेलं तिथून माझं बोट नेलं. नदी, पूल, पुलापुढची शाळा. मग पाण्याची टाकी, निळ्या गोलाने दाखवलेली. टाकीच्या मागची दुसरी ओळ. तिथे तुझं घर, आणि घरात आई. आई इथे प्रत्येक विमानाला दचकून उठायची, उठून दार उघडायची, बाहेर कोणी नाही हे बघून परत यायची. शेवटी शेवटी तर ती आपल्याशी ओरडून बोलायची आणि स्वतःच घाबरायची. तू तिला नेलंस आणि महिन्याभरात तिचा आवाज खाली आला. मला तो फोनवर ऐकू येतो तेव्हा जिवात जीव येतो.

मास्तरांना सांगितलं.  ते म्हणाले, जाऊ दे, तिथून तर कोणी येत नाही, आपण काय करणार? धाकटे, अगदी हेच वाक्य मंडळ आमच्याबद्दल म्हणत होतं. मी तसं म्हटलं, तर ते चिडून निघून गेले. तेव्हापासून मला चैन नाही. दुकानात बसले की घरी जावंसं वाटतं, घरी गेले की दुकानात. मी अंग काढून घेतलं तर सगळ्यांची खुर्ची जाईल, आणि नाही घेतलं तर तुझ्या छपरावर मीच विमान आणून ठेवीन.

म्हणून हे लिहितेय. सुनावणी येत्या मंगळवारी आहे. खुर्ची दिली तेव्हापासून मंडळाचा नियम आहे, पंचवीस घरांनी सह्या दिल्या तर तुमचीही समिती होते आणि सुनावणीत मंडळाला तुमचं ऐकावंच लागतं. सह्या शुक्रवारपर्यंत पोचायला हव्यात. कोरा अर्ज सोबत जोडलाय. तुला मी ओळखते. सुटे पैसे कमी आले तरी दुकानदाराला विचारायला तुझी जीभ उचलत नाही. शाळेत तुझी भांडणंसुद्धा मीच भांडायचे. पण हे एक भांडण मला तुझ्यासाठी भांडता येणार नाही, कारण समोर मीच असणार आहे. शेजारच्यांची दारं वाजव. चिडून ये, रडत ये, पण ये, आणि साहेबांसमोर माझं म्हणणं खोडून काढ. मी तुला सोडणार नाही, तूही मला सोडू नकोस. फक्त आईला सोबत आणू नकोस. ती समोर बसली तर मला बोलता येणार नाही, आणि मला बोलायचंय.

तुझीच, आणि मंगळवारी तुझ्या विरुद्ध बसणारी,
ताई