स्वतःच्याच दाराला पटाशी

११ नोव्हें., डिचोली
कामावरून आलो तर खोलीचं दार सताड उघडं. आत माझी पत्र्याची पेटी नाही. ड्रिल, ग्राइंडर, राउटर, इलेक्ट्रिक रंधा. तीन वर्षं पोट मारून एकेक घेतलेलं. खोलीतला जोडीदार तुक्या, त्याचा मोबाईल चार्जिंगला होता, तोपण गेला. पेटीच्या जागी चौकोन स्वच्छ, बाकी सगळी धूळ.
सोमवारपासून पाळी गावच्या सरांच्या घराचं काम. एक दार, सहा खिडक्या. माझं पहिलं स्वतःचं. इथे सुताराला मेस्त म्हणतात. मला अजून कोणी म्हटलं नाही. आता परत ठेकेदाराकडे हेल्पर. "ए पोरा, फळी धर."
चोराने पहारीने कडी उपटली, चौकट फाडली. बघवेना. खाटेखाली जुनी पटाशी होती. फाटका भाग तासला, सागाचा तुकडा सरसाने बसवला, वर पॉलिश. दार नव्यासारखं. तेवढंच बरं वाटलं.

१२ नोव्हें.
सकाळी तक्रार दिली. हवालदार आले, चौकटीवरून बोट फिरवलं. "कुठे फोडलंय?"
म्हटलं, मी दुरुस्त केलं.
"चोरी झाल्यावर पहिलं हे केलंस?"
पंचनाम्यात लिहिलं, मोडल्याची खूण दिसत नाही. घरमालकीण मावशीने कपाळाला हात लावला. "पुता, तुका कोणी सांगल्लां हात लावूंक?"

१३ नोव्हें.
दिलीपबाब आला. मावशीचा भाचा, विम्याचा एजंट. भाडेकरूचा विमा यानेच माझ्या गळ्यात मारलेला. तेव्हा तुक्या लोळून हसला होता. "खोलीला विमा? आत ढेकणं सोडून हाय काय?" आज तोच कान देऊन ऐकत होता.
खोली मावशीची, ती विम्यात नाही. आतलं माझं सामान आहे. हत्यारं कागदावर वेगळी लिहून घेतली होती म्हणून तीपण. तुक्याचं नाव कुठेच नाही, त्याचा मोबाईल गेला तो गेला. पण फोडून चोरी झाल्याची खूण पाहिजे. उघड्या दारातून गेलं तर काही मिळत नाही.
खूण होती. मीच बुजवली.
आणि बिलं? पेटीतच.

१४ नोव्हें.
आईला फोन. चंदगडला थंडी पडलीय म्हणे. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "अरे, खंडेनवमीचा फोटो पाठवलेलास की मला!" सगळी हत्यारं पाटावर, हळदकुंकू, झेंडू. मागे हीच खोली, तुक्याची लुंगी वाळत. मशीनवरचे नंबरसुद्धा दिसतात. देवाने नाही, लुंगीने साक्ष दिली असं तुक्या म्हणतो.

१८ नोव्हें.
कंपनीचे सर्व्हेअर आले. फोटो मोठा करून करून बघितला. "सामान होतं, पटलं. पण दार तर शाबूत आहे."
"जोड उघडून दाखवू?" विचारलं आणि पटाशी उचलली. मावशी ओरडली, "माझें दार रे!" चार घाव घातले, तुकडा हलेना. मीच बसवलेला. इतका राग, इतका गर्व एकदम कधी आला नव्हता. पाचव्याला सुटला. आत चौकट उभी चिरलेली, पहारीच्या टोकाची खूण रुतलेली, गंजासकट.
साहेब गुडघ्यावर बसले. फोटो काढले, टेप लावली. उठताना म्हणाले, "मेस्त, जोड जरा वाईट मारली असती तर एवढा त्रास नव्हता."
मेस्त! मावशीसमोर, तुक्यासमोर. तुक्याने शिट्टी मारली. मीपण मारली असती, साहेब होते म्हणून राहिलो.

२६ नोव्हें.
मंजूर! मेसेज तीनदा वाचला, मग तुक्याकडून वाचून घेतला. मशीन जुनी म्हणून पैसे कापून देणार, पण त्यात रंधा, ड्रिल नक्की येईल. बाकीचं बघू. पाळीच्या सरांना लगेच फोन. "लाकूड येऊन पडलंय, महिनाअखेरपर्यंत थांबतो," म्हणाले. ठेकेदाराला सांगितलं, येत नाही.
पैसे अजून खात्यात नाहीत. दिलीपबाब म्हणतो, पडेपर्यंत दाराला हात लावू नको, परत कोणी बघायला आलं तर? म्हणून भोक तसंच. मावशी येता-जाता बोलते. तुक्याने त्यात पेपर कोंबलाय, आणि हळूच विचारतो, विम्याला आधार कार्ड पुरतं काय.
सागाचा तुकडा घासून खिशात ठेवलाय. दारातून जाताना हात शिवशिवतो.