झाकणाच्या आतलं कुंकू

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी
भोसरीच्या शेडमधल्या सगळ्या मशिनींची पूजा केली. आकुर्डीच्या संशोधन संस्थेतल्या सुमेधामॅडमसाठी बनवलेल्या व्हॅक्यूम चेंबरचीही. बाहेर लावलेलं कुंकू पॅकिंगमध्ये पुसलं जातं, म्हणून मोठ्या झाकणाला आतून एक बोट ओढलं. टिकाऊ काम. कुठे हवा गळत असेल तर मला नुसत्या आवाजावरून कळतं. शाळा सातवीपर्यंत, पण कान ही आपली डिग्री. फोरमन ज्ञानेश काहीतरी सांगायला आला. म्हटलं, आधी पेढे वाट.

१३ ऑक्टोबर
चेंबर आकुर्डीत बसवून, आतली उरलीसुरली ओल घालवायला दोन दिवस तापवून तयार. मॅडमनी काम समजावलं. अभ्रकासारखा थरांचा स्फटिक. खूप थंड केला की आतले इलेक्ट्रॉन लाटेसारखे जमतात, इथे दाट, तिथे विरळ. वरून पोटॅशियमचे अणू शिंपडायचे, पुरता एक थरही नाही. ते वरच्या थराला जादा इलेक्ट्रॉन देतात आणि लाट हवी तशी वळते.
विचारलं, दुसरं काही पडलं तर?
म्हणाल्या, काका, आत बोटाचा ठसासुद्धा चालत नाही.
हसलो. शर्ट पाठीला चिकटला.

१४ ऑक्टोबर
स्फटिकाचा पहिला तुकडा तासाभरात खराब. मॅडम म्हणतात, पोटॅशियम सोडणारी वायर अजून तापवायला हवी. मला माहीत आहे काय आहे ते. तीनच तुकडे होते. तिन्ही गेले तर चेंबर परत, आणि बावीस वर्षांचं नाव मातीत.
निश्चय : उद्या सकाळी सगळं सांगणार.

१५ ऑक्टोबर
सकाळी मॅडम घाईत होत्या. दुपारी त्यांचा मूड चांगला होता, तो कशाला घालवा? संध्याकाळी दुसरा तुकडा गेला. आता तर सांगणं बरं दिसणार नाही.
घरी बायकोला, वर्षालीला, सांगितलं. म्हणाली, बोलून मोकळे व्हा. आणि त्या कानाचं कौतुक बाहेर करा, घरात कुकरच्या शिट्ट्या मलाच मोजाव्या लागतात.

१६ ऑक्टोबर, पहाटे
स्वप्नात झाकणातून लाल लाट आली. झोप नाही.

१६ ऑक्टोबर, दुपार
ज्ञानेश म्हणाला, साहेब, त्या झाकणाचं एक सांगायचंय. हात धरून जिन्यात नेला. म्हटलं, संस्थेच्या आवारात झाकण हा शब्द काढायचा नाही. मान डोलावून खाली गेला. माणूस शहाणा आहे.

१७ ऑक्टोबर, दुपारी १.१०
मॅडमनी वायर जास्त तापवली. शेवटचा तुकडा आत. मॅडम खुशीत, लाट वळायला लागली म्हणतात. कुंकवाचा परिणाम जरा उशिराच दिसतो, मी फसणार नाही.
प्लॅन : मॅडम जेवायला जाताना तुकडा शेजारच्या छोट्या चेंबरात सरकवतात, परवाही सरकवला होता. मधली झडप बंद असते. तेवढ्यात झाकण उघडायचं, पुसायचं, लावायचं. पंप बंद पडला म्हणायचं. पुन्हा तापवण्यात दोन दिवस जातील. जाऊ देत.
पाना खिशात. फडकं ॲसिटोनमध्ये भिजवलं. हे हात अनुभवी आहेत.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळी ७
पहिला बोल्ट सैल करताच फुस्स झालं. बावीस वर्षांत असला आवाज ऐकला नव्हता. मॅडम डबा टाकून धावत आल्या. तुकडा आज आतच होता. लाट वळत होती म्हणून हलवला नव्हता.
झाकण उघडलं. आत लख्ख स्टील आणि माझा चेहरा.
ज्ञानेश म्हणाला, साहेब, ते कुंकू मी खंडेनवमीलाच, पूजा होताच पुसलं. तेच सांगत होतो.
मॅडमनी विचारलं, काका, काय शोधत होतात? खरं सांगितलं. त्यांनी वहीत आजच्या तारखेवर काट मारली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नवा स्फटिक यायला चार महिने. मीच घाईघाईने झाकण आवळलं, पंप लावून दिला. आवळताना ज्ञानेश पुन्हा काहीतरी म्हणत होता. मॅडमसमोर त्याला डोळ्यांनीच दटावलं.
परतताना टेम्पोत रेडिओ बंद केला. म्हटलं, ज्ञानेश, आता बोल बाबा, सगळं ऐकतो.
म्हणाला, साहेब, तुमचं फडकं आतच राहिलंय.