घेवडा शिजला, वन्सं

प्रिय वन्सं बार्बला,

मेंगीयाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे गुडघा वाकू देतो तेवढं.) तुमचा दमा, तुमच्या कोंबड्या आणि तुमची शेजारीण, तिघांचाही त्रास कमी असेल अशी आशा. तुमचा प्रेशर कुकर तारेवरून सामान चढवणाऱ्या पाळण्यातून सुखरूप वर पोचला. त्याने काय केलं ते ऐका.

आपल्या लादीनाने यंदा डोंगरावरचं हे विश्रामघर चालवायला घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या जवाच्या सूपातला घेवडा चावताना, हे घर ज्यांच्या मालकीचं त्या मंडळाचे अध्यक्ष गियॉन दुरी यांचा दात पडला. (सैल होता. पण पडला आमच्या सूपात.) रविवारी पुन्हा येतो, घेवडा असाच निघाला तर किल्ल्या दुसऱ्याला, असं सांगून गेले. नातीचा चेहरा बघवेना, म्हणून मी वर आले. आधी वाण्याला शिव्या दिल्या, मग जाळ वाढवला. पाणी असं खदखदायचं की लग्नाचा स्वयंपाक वाटावा, पण बघता बघता आटून वाफ खिडकीबाहेर, आणि घेवडा बंदुकीच्या छऱ्यासारखा. लादीना म्हणाली, "आजी, इथे हवा विरळ, पाण्यावर तिचा भार कमी. म्हणून ते पुरतं तापायच्या आतच उकळतं. जाळ वाढवलास तर नुसतं लवकर आटेल." भारच हवा ना, म्हणून मी झाकणावर चीज दाबायचा दगड ठेवला. वाफेने झाकण तिरकं केलं आणि दगड घरंगळला तो अंड्यांच्या टोपलीत. (सगळ्यांना ऑम्लेट मिळालं. तक्रार नाही.)

शेवटी तुमचा कुकर चढवला. बंद भांड्याखाली जाळ म्हटल्यावर मी दाराबाहेर उभी राहून प्रार्थना म्हणत होते. पण वाफ आत कोंडून पाण्यावर दाबून बसली, पाणी खरंखुरं तापलं, आणि घेवडा लोण्यासारखा झाला. रविवारी गियॉन दुरींनी वाडगा पावाने पुसून खाल्ला आणि म्हणाले, "पोरी, पुढच्या उन्हाळ्यातही किल्ल्या तुझ्याकडेच." लादीना माझ्या गळ्यात पडून रडली. ते रडणं खरं तुमच्या वाट्याचं, वन्सं, मी नुसतं खाली पाठवते आहे.

तुमची,
मेंगीया

ता. क. कुकर बर्फ पडेपर्यंत इथेच राहू द्या.

आणखी ता. क. कुकर कुणाचा, असं गियॉन दुरींनी विचारलं. माझ्या नणंदेचा, खाली एकट्याच असतात, हसतात छान, असं मी सांगितलं. गुरुवारी ते आभार मानायला तुमच्याकडे येताहेत, कोट इस्त्रीला दिलाय. घेवडा करा. कुकर नाही म्हणून घाबरू नका, तुमच्याकडे खाली हवा आयतीच दाबून बसलेली असते. फक्त घाईने चुलीवरून उतरवू नका. बिचाऱ्यांचे दात आता मोजकेच उरलेत.